गडूवरचं नाव

महबूला, कुवेत
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

नमस्कार. घे किंवा परत पाठव, मी आपला केला आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला नऊ वर्षं झाली, म्हणून हा कागदाचा खटाटोप. वहीत लिहितो, पानांचे फोटो काढतो आणि तुझ्या जुईलीच्या मोबाइलवर पाठवतो. ती म्हणाली, "काका, मी छापून बाबांच्या ताटाशेजारी ठेवीन. वाचायचं की त्यावर गरम टोप ठेवायचा, ते बाबा बघतील." पोरगी तुझ्यावर गेलेली नाही, देवाची कृपा.

माझं ठीक चाललंय. बावन्न पूर्ण झाली. तिघांत एक खोली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो असं घरमालक म्हणतो. आम्हाला समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. आपल्या खालच्या वाडीतला बाळा गवंडी याच खोलीत असतो. अजून तसाच घोरतो.

काम बदललंय. शहराच्या मधोमध, जुन्या बाजारामागे, आमच्या कंपनीला तीस मजली टॉवर बांधायचा आहे, आणि खाली गाड्यांसाठी चार मजले. पण आधी पुराणवस्तूवाल्यांनी जागा तपासायची, अशी परवान्यात अट आहे. त्यामुळे जिथे आमची मशिनं घुसायची तिथे सध्या शिकलेली माणसं गुडघ्यावर बसून ब्रशने माती झाडतात. कंपनीला वाटतं ती मुद्दाम सावकाश खणतात. त्यांना वाटतं कंपनीला दोनशे वर्षांपूर्वीची भिंत म्हणजे ट्रकभर मलबा. मी सर्व्हेअर. कंपनीने त्यांना उसना दिलाय, सहा मजुरांबरोबर. दोघांच्या मध्ये दुर्बीण लावून उभा असतो आणि कुठली वस्तू किती खोल मिळाली ते मोजून लिहितो.

एक किरकोळ विचारायचं होतं. आपल्या घरी तांब्याचा गडू होता ना, बाबांच्या उशाशी असायचा तो? त्यावर नाव घातलेलं होतं. नेमकं काय काय होतं? नुसतं नाव, की गावही? साल होतं का? सहज विचारतोय. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात भांड्यांवर नावं घालायच्या आपल्या पद्धतीवर कुणीतरी लेख मागितलाय.

उत्तर जरा लवकर दे. अंक छापायला जायचाय.

तुझा
पुंडलिक


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

ती. दादा,

जुईलीच्या फोनवर दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तिने वाचलं. तुझ्या निळ्या खुणा कुठे उमटतात ते देव जाणे.

मंडळाचा लेख वगैरे काही नाही. ती थाप होती. तुला ती पहिल्या ओळीत कळली असणार. मंडळात मला कोण लेख मागतो?

खरं असं आहे की खणताना आमच्याकडे एक तांब्याचा गडू निघाला. आपला नव्हे, आधीच सांगतो. आपल्यासारखा. जुन्या भिंतीच्या पायथ्याचा एक दगड उचलला, त्याखाली सरळ उभा. शेवाळासारखा हिरवागार. आत काळं काहीतरी, बी की सुपारी. पुराणवस्तू खात्याच्या प्रमुख डॉक्टर बद्रिया म्हणून बाई आहेत, इथल्याच. साठीच्या, कडक, दिवसभर उन्हात, आणि कुणी त्यांच्यासमोर अंदाजाने बोललेलं खपत नाही. त्या खड्ड्यात उतरल्या, गडूकडे पाहिलं आणि खाली बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे आजोबा लाकूड आणायला मुंबईला जहाज घेऊन जात. ते सांगायचे, या गल्लीत हिंदू व्यापाऱ्याचं घर होतं. सगळे म्हणायचे, म्हातारा गोष्टी रचतो."

दादा, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला म्हणाल्या, "सर्व्हेअर, लेव्हल घे."

मी घेतली. उणे एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. खाली सही केली. पट्टी दोनदा हातातून निसटली, तेव्हा त्यांनी मला पाणी पाजलं. उन्हाने झालं असं त्यांना वाटलं.

त्या एका गडूवर खात्याने तीन महिन्यांची मुदत वाढवून घेतली. तोवर एकही मशीन आत येणार नाही. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, कंटेनरच्या ऑफिसात खुर्च्या लाथाडतोय.

गडू साफ करायचं काम फखरुन्निसाकडे आहे. मूळ हैदराबादची, पण जन्म इथला, सलव्यात राहते. बोलते आपल्याला कळेल असं, मात्र हिंदी वाचता येत नाही. भिंगाखाली धरून सर्जनसारख्या सुरीने कणकण हिरवा थर काढते. रोज एखादा नखाएवढा तुकडा. काल तिने मला हाक मारली.

"पुंडलिक भाई, जरा देखो तो. डॉट डॉट का कुछ आरा."

दुकानात यंत्राने ठिपके पाडून नाव घालतात, ते ठिपके.

मी म्हटलं, "नक्षी आहे."

तिने वहीत लिहिलं: नक्षी. शेजारी माझं नाव लिहिलं, कारण मी 'भारतीय वस्तूंचा जाणकार'.

तर आता सहज नव्हे, दादा, नीटच विचारतो. त्यावर काय लिहिलं होतं?

पुंडलिक


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

दादा,

तो आपलाच आहे.

आपला म्हणजे तुझा. तो बाबांचाच असल्यासारखं पहिल्या पत्रात लिहिलं ती दुसरी थाप. त्यावर 'गणपत' आहे हे मला पक्कं माहीत आहे. तुझ्या बारशाला मामाने आणलेला. पुढे गाव आहे का, साल आहे का, हेच फक्त आठवत नाही, आणि गेले तीन आठवडे मी दुसरं काही आठवत नाहीये.

घेतलेला मीच. बाबांच्या तेराव्याच्या दिवशी, पाहुणे जेवत होते तेव्हा, बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत टाकला. तू विचारलंस तेव्हा बाबांची शपथ घेऊन नाही म्हणालो. त्यांना जाऊन तेरा दिवस झाले होते. मला रजा मिळेपर्यंत तुम्ही सगळं आटोपलं होतं; शेवटचं पाणी त्या गडूतून घातलं असं वहिनी म्हणाली. मी तिथे नव्हतो. गडू होता. कारण म्हणून हे पुरेसं नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही.

आता तो तिथे कसा गेला ते.

एप्रिलमध्ये खात्याने चाचणीचा पहिला खड्डा काढला. दुसऱ्या दिवशी त्याची एक बाजू ढासळली आणि बाळा कमरेपर्यंत गाडला गेला. मिनिटभराचा प्रकार. ओढून काढला, काही झालं नाही. पण तो खड्ड्यात परत उतरेना. "पुंडलिका, जाग्याक इचारल्याशिवाय खणलंव आमी. ह्या जाग्याक राखणदार आसा. तेका काय देऊक नाय, सांगूक नाय." मी त्याला हसलो. कुवेतच्या राखणदाराला मालवणी कळणार नाही म्हटलं. तो म्हणाला, "तू हस. तू वर दुर्बीण घेऊन उभो रवतंस. खाली मी जातंय." बाकीचे पाचही जण हात बांधून बसले. सांजपर्यंत काम सुरू झालं नसतं तर सहाही जणांना घरचं तिकीट होतं.

मग दुपारच्या सुट्टीत, साहेब लोक एसीत जेवत असताना, आम्ही खाली उतरलो. राखणदाराला नवं भांडं चालत नाही, घरातलं लागतं, असं बाळाचं म्हणणं. आमच्या खोलीत घरातलं म्हणावं असं एकच भांडं होतं. त्यात पाणी घेतलं, महबूल्यातल्या किराणा दुकानातली सुपारी टाकली. सव्वा रुपया ठेवायचा होता, पण रुपया कुणाच्याच खिशात नव्हता. इथलं नाणं चालेल की नाही यावर वाद झाला आणि ठेवलंच नाही. नाणं असतं तर त्यावरच्या सालाने तिथल्या तिथे उलगडा झाला असता आणि मी आज वाचलो असतो. वयाने मोठा म्हणून गाऱ्हाणं मलाच घालावं लागलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा, तुझी जागा आमी पोटासाठी खणतो. चुकला-माकला पदरात घे, खाली उतरतत तेंका धडपणी वर येऊ दी रे म्हाराजा!" आणि सहा जण हलक्या आवाजात, "व्हय म्हाराजा!" त्यात एक नेपाळी आणि एक बांगलादेशी होता. सगळ्यात मनापासून तेच म्हणाले.

बाळाने भिंतीच्या पायथ्याचा दगड गवंड्याच्या हाताने अलगद उचलला, गडू ठेवला आणि दगड परत बसवला. तो असा बसवला की बद्रियाबाई अजून लोकांना दाखवून सांगतात, इतकं सुबक काम आजच्या गवंड्याला जमणार नाही.

मेमध्ये खड्डा बुजवला. उन्हाळाभर काम बंद होतं. इथे दीड मीटरवर खारं पाणी लागतं. सात महिन्यांत त्या पाण्याने गडूला दोनशे वर्षांचा म्हातारा करून टाकला.

निघाला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचा कागद आला. तिसऱ्या दिवशी खात्यातले मोठे लोक फोटो काढून गेले. आता सांगायचं म्हणजे सरकारी उत्खननात खोटी वस्तू पुरली, ती मोजली, तिच्यावर सही केली आणि विचारल्यावर नक्षी म्हणून सांगितलं, हे सगळं सांगायचं. बाळा म्हणतो, "मेल्या, गप रव. गडू काय बोलणा नाय."

गडू बोलतोय, दादा. रोज एक ठिपका.

त्यावर गाव असेल तर संपलंच. कुडाळपाशी कुणी दोनशे वर्षांपूर्वी यंत्राने नावं घालत नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल. काय आहे ते मला आधी कळलं तर मी काहीतरी जुळवून ठेवीन. कळव.

पुंडलिक


गुरुवार, ५ डिसेंबर

दादा,

'ग' आला. पूर्ण. त्याच्या पुढे अर्धा 'ण'.

फखरुन्निसा उड्या मारत आली. "भाई, ये तो लिखा हुआ है! डिझाइन नहीं है जी. आप लोगां की जबान है ना? पढ़ो ना." मी खिसे चाचपले आणि चष्मा खोलीवर राहिला म्हणालो. चष्मा माझ्या कपाळावर होता. तिने तो पाहिला. मोबाइल काढून गडूवर धरला. त्यात अक्षरं वाचणारं काहीतरी असतं. मोबाइल म्हणाला, मजकूर सापडला नाही. जन्मात पहिल्यांदा मोबाइलने माझी बाजू घेतली.

रविवारी हिंदी वाचणारा कुणीतरी आणणार आहेत.

आणि दुसरं. बद्रियाबाईंनी एप्रिलची रोजवही मागवली. गडू निघाला त्या चौकोनात तेव्हा कोण खणत होतं? बाळाच्या नावापुढे अंगठा आहे. त्याला बोलावून विचारलं. तो सगळ्याला "माका म्हायत नाय" म्हणाला, अगदी स्वतःचं नाव विचारलं त्यालासुद्धा. तेव्हापासून जेवलेला नाही. आज दुपारी भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि मला म्हणाला, "मी सांगान टाकू? तुझा नाव घेणंय नाय." मी म्हटलं, थांब. रविवारपर्यंत थांब.

रविवारपर्यंत काय होणार आहे ते मला माहीत नाही.

पुं.


शुक्रवार, १३ डिसेंबर

ती. दादा,

मी सांगितलं.

रविवारी सकाळी, तो हिंदी वाचणारा यायच्या आत. बद्रियाबाईंच्या टेबलासमोर उभं राहून म्हटलं, "मॅडम, हा गडू माझ्या भावाचा आहे. मी तो घरातून चोरून आणला आणि एप्रिलमध्ये तुमच्या भिंतीखाली पुरला. एकट्याने."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "हे बोलायचं कंपनीने तुला काय कबूल केलंय?"

मला कळेचना. मग कळलं. गडू खोटा ठरला की मुदतवाढ रद्द. मशिनं आत. हे कुणाला हवंय? कंपनीला. आणि मी कुणाचा माणूस? कंपनीचा. बाईंच्या दृष्टीने मी पैसे घेऊन त्यांच्या आजोबांच्या गोष्टीतला व्यापारी पुसायला आलो होतो.

बाहेर आलो तर मुदीरने आत घेतलं आणि दार लावलं. "दोन महिने माझी मशिनं उभी आहेत. कुणाच्या सांगण्यावरून पुरलास? त्या बाईच्या?"

दोघांचंही एकमत आहे की मी विकला गेलोय. फक्त कुणाला, ते ठरायचंय. इतकी मागणी मला आजवर कधी नव्हती.

मी म्हटलं, त्यावर 'गणपत' आहे, बघा. पण तोवर चारही अक्षरं साफ झाली होती; पुढे ना गाव, ना साल. बाई म्हणाल्या, "आता ते उघडं आहे, कुणीही वाचेल. अजून साफ न झालेलं सांग." बूड तेवढं अजून जाड हिरव्या कवचाखाली आहे. नऊ वर्षं रोज त्यातून पाणी प्यायलो. बुडाला ओरखडे होते एवढंच आठवतं. घासताना कोण वाचतो?

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एक रस्ता ठेवला. परवा रविवारी, इथले बारा, तुमचे अडीच, जुईलीच्या फोनवर व्हिडिओ कॉल येईल. गडूचा मालक म्हणून तुला विचारतील. फखरुन्निसा भाषांतर करील. तुझं बोलणं पटलं तर ठीक. नाहीतर फाइल खात्याच्या वकिलांकडे, आणि तिथून पोलिसांत. इथल्या कोठडीत गेलेल्या एकाला मी ओळखतो. तो सुटून आला, पण दार वाजलं की अजून उभा राहतो.

मला झोप नाही. लिफ्टमध्ये खाकी शर्टाचा माणूस शिरला तरी घाम फुटतो; काल तो गॅसवाला निघाला. वीस वर्षं मी या देशात सगळ्यांची टिंगल करत काढली, ते आतून कुणी ओळखू नये म्हणून की काय कोण जाणे. भित्रा मी पहिल्यापासूनच. तुला माहीत आहे. विहिरीवर तूच मला धरायचास.

तर माझं एकच मागणं आहे. मला चोर म्हण.

गुळमुळीत नको. 'घरातली गोष्ट आहे', 'भावाभावांत होतं असं' हे नको. सरळ सांग: पुंडलिकाने माझा गडू बाबांच्या तेराव्याला चोरला आणि वर खोटी शपथ घेतली. गावात नऊ वर्षं ज्याला त्याला सांगतोस तेच. मी तसंच लिहून दिलंय. तुझं आणि माझं जुळलं पाहिजे. बुडाचं काही आठवत असेल तर ते सांग. बाळाचं नाव काढू नको.

उचलशील ना फोन? जुईली, तू वाचत असशील तर बाबांना उचलायला लाव.

पुंडलिक


शुक्रवार, २० डिसेंबर

ती. दादा,

काय केलंस हे?

तू शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसला होतास. मागे कपाट, कपाटावर बाबांचा फोटो. केस सगळे गेले तुझे. फखरुन्निसाने तुला विचारलं, "चाचा, आपके भाई ने ये लोटा चोरी किया?" मी डोळे मिटून घेतले होते.

"नहीं. चोरी नहीं. मैंने दिया."

तुझं हिंदी अजून तसंच आहे. बद्रियाबाईंनी माझा कागद पुढे ओढला, त्यावर बोट ठेवलं: चोरला. मग तुझ्याकडे पाहिलं. "दोघांतला खोटं कोण बोलतोय?" फखरुन्निसाने हे काही तुला सांगितलं नाही. तिने विचारलं, "कब दिया?"

"ये पैदा हुआ तब. मामा मेरे को गडू लाया था, इसके टाइम को कुछ नहीं लाया. मैं छे साल का. मैंने खिळा लेके इसका नाम डाला. नीचे. बाप ने मारा मेरे को, बोला भांडा खराब किया."

"नीचे मतलब?"

तुला शब्द सापडेना. तू बाजूचा स्टीलचा पेला उचललास, त्यातलं पाणी स्वतःच्या पायावर ओतलंस आणि पेला उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरलास. बुडावर बोट आपटलंस. "इधर."

बद्रियाबाईंना भाषांतर लागलं नाही.

दोन तास लागले. फखरुन्निसाने सुरी चालवली, बाई भिंगाला डोळा लावून, मी दाराशी. कुणी मला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तू फोन ठेवला होतास. शेवटी बाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं. वेड्यावाकड्या रेघा. 'पुंडलि' एवढं बुडावर मावलंय, आणि जागा न पुरल्यामुळे 'क' कडेवर चढलाय. ते ओरखडे, दादा. नऊ वर्षं मी ते चिंचेने घासत होतो.

बाईंनी नख त्या रेघांवरून हळू फिरवलं. "लहान मुलाचा हात आहे," म्हणाल्या. मग नोंदवही उघडली, माझी ती उणे एक बेचाळीसची ओळ काढली आणि तिच्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आधुनिक. सही केली. तीन महिन्यांची मुदत त्यांनी स्वतःच्या हाताने संपवली. कुणी बघत नव्हतं. दोन दिवस थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

भिंत मात्र खरी आहे. तिच्यात मी काही घातलेलं नाही. पण नुसत्या भिंतीला कुणी मुदत वाढवून देत नाही. रविवारी मशिनं आत येतील. काल मी माफी मागायला गेलो तेव्हा त्या खड्ड्यात उतरून दगडादगडाचे फोटो काढत होत्या. मी वर उभा होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. बाळा खाली त्यांची पट्टी धरून उभा होता, त्याला ठेवलंय. त्यानेही वर पाहिलं नाही.

माझ्यावर केस नाही. कंपनीने इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द केला, तेवढ्यावर भागलं. गडू मिळणार नाही. बाईंनी ठेवून घेतला. फखरुन्निसा म्हणाली, नव्या पोरांना शिकवताना दाखवणार आहेत, जमीन कशी फसवते ते.

मी तुला स्पष्ट लिहिलं होतं, चोर म्हण. तू ऐकलं नाहीस. परक्यांसमोर भावाला चोर म्हणवलं नाही म्हणून तसं बोललास, की खरंच तसं मानतोस, हे मला त्या चौकोनी पडद्यावर कळलं नाही. मी कोपऱ्यात दिसत होतो तुला. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आणि खिळ्याने माझं नाव घातलंस म्हणून माझी शपथ काही खरी होत नाही. मला तेव्हा ते माहीतच नव्हतं. मी चोरायचा म्हणूनच चोरला.

काल सकाळी तुझ्या नंबरवर लावून पाहिला. अजून बंद आहे.

गुरुवारी, २६ला, गोव्याचं तिकीट आहे. तिथून कुडाळपर्यंत बस, पुढे रिक्षा. इथल्या पोलिसांची भीती गेली, ती जागा रिकामी राहिलेली नाही. रिक्षा वरच सोडीन आणि चालत येईन. अंगणात उभा राहून हाक मारीन. हाक मारायचं ठरवलंय. पण आतून तू "कोण?" म्हणून विचारलंस तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

पुंडलिक